हातांची जकात

रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात जकातीबद्दल बोलत होते. निसाब म्हणजे काय, अडीच टक्के कशावर मोजायचे, जकात कुणाला देता येते, हे सगळं फळ्यावर लिहून झालं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील हातगाडीवर केळी विकतात. ती म्हणाली, "टीचर, आमच्या घरातून जकात निघत नाही, आमच्या घरी येते. मग आम्ही द्यायचं काय?"

मी तिला ती प्रसिद्ध हदीस सांगितली. माणसाच्या प्रत्येक सांध्यावर रोजचा सदका आहे. कुणाला जनावरावर बसायला हात देणं, त्याचं ओझं उचलून देणं, वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं, हा सगळा सदकाच. मुलीचं समाधान झालं. ती वहीत लिहून घेऊ लागली. माझं मात्र झालं नाही, कारण मला २०२१ चा एप्रिल आठवला.

आमच्या गल्लीत एकटी राहणारी एक म्हातारी त्या महिन्यात घरातच वारली. आजार जुना होता, पण दिवस कोरोनाचे होते. गुस्ल द्यायला दोन बायका हव्या होत्या. रात्री साडेदहाला माझ्या दारावर थाप पडली. मी कफनाचे पैसे लगेच काढून दिले, आत यायला मात्र नाही म्हणाले. घरी अम्मी मधुमेहाची होती, हे खरं होतं. मी घाबरले होते, हेही खरं होतं. शेवटी चार घरी पोळ्या लाटणारी एक खाला गेली. तिच्याकडून जकात कधीच निघालेली नाही.

जकात हा मालावरचा फर्ज आहे आणि फिकहमध्ये "हातांची जकात" असं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. शब्द मी उसना घेतला आहे. पण आपल्या इतिहासात पैशाची खैरात आणि हातांची खिदमत या दोन वेगळ्या वाटा दिसतात. पहिलीवर आपण भरपूर बोलतो. आज दुसरीबद्दल बोलू या.

सुरुवात मदीनेपासून करते. इ.स. ६२७ मध्ये खंदकची लढाई झाली. साद बिन मुआज हे मोठे सहाबी बाणाने जखमी झाले. त्यांना ठेवलं गेलं मशिदीच्या आवारातल्या एका तंबूत. तो तंबू रुफैदा नावाच्या अस्लम कबिल्यातल्या बाईचा होता. जखमांवर उपचार करणं आणि ज्यांचं पाहणारं कुणी नाही त्यांची सेवा करणं, हे काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मुस्लिम समाजाच्या पहिल्याच पिढीत, मशिदीच्या आवारात, एका बाईच्या हाताखाली शुश्रूषा चालत होती. "बायकांनी घराबाहेरची खिदमत करावी का?" असं आजही विचारणाऱ्यांनी हा तंबू नजरेसमोर आणावा.

पुढे या कामाला वक्फची जोड मिळाली. बगदाद, दमास्कस, कैरो इथे मोठमोठे बिमारिस्तान उभे राहिले. कैरोचा मन्सुरी बिमारिस्तान सुलतान कलावूनने १२८४ साली बांधला. तिथे श्रीमंत आणि गरीब, पुरुष आणि स्त्रिया, सगळ्यांवर उपचार होत आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे. ही परंपरा अभिमानाची आहेच. पण वक्फने इमारत उभी राहते, पगार होतात, औषध येतं. रात्री साडेदहाला दार उघडणारा माणूस त्यातून आपोआप मिळत नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ पसरली तशी लोकांना सरकारी इस्पितळाची रोगापेक्षा जास्त धास्ती वाटू लागली. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, पडदा राहत नाही, धर्म बुडतो, अशी भीती होती. म्हणून निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेग इस्पितळं उघडली. मुसलमानांनी उघडली तशी हिंदूंनी आणि पारशांनीही. त्यांना आज संकुचित म्हणणं सोपं आहे, पण आपल्या माणसाला आपल्या माणसांत मरू द्यावं ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. याच साथीत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. लोक घाबरत होते, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. नुसता हुकूम सोडला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला.

पुण्यात त्याच वेळी सावित्रीबाई फुले मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला शाळेत आम्ही पाटी-पुस्तक घेतलेल्या सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. पाठीवर मूल घेतलेल्या सावित्रीबाईंची तसबीर मी अजून कुठल्या शाळेत पाहिलेली नाही.

म्हणजे एका बाजूला आपल्या जमातीसाठी उघडलेलं इस्पितळ आणि दुसऱ्या बाजूला जात न विचारता पुढे केलेली पाठ. या दोन्हींच्या मधला रस्ता एका माणसाने आयुष्यभर चालून दाखवला, तो अब्दुल सत्तार एधी.

एधी १९२८ साली काठियावाडातल्या बांटवा इथे एका मेमन घरात जन्मले. आई शाळेत जाताना दोन पैसे द्यायची. एक स्वतःसाठी, एक गरजूसाठी. संध्याकाळी दुसऱ्या पैशाचा हिशेब मागायची. पुढे आईला पक्षाघात झाला. पोरगेल्या वयात एधींनी तिला भरवलं, अंघोळ घातली, कपडे बदलले. आई गेली तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्यांना खिदमतीचं शिक्षण या आजारपणाने दिलं.

१९४७ मध्ये कुटुंब कराचीला गेलं. तिथे बांटवा मेमन जमातीच्या एका दवाखान्यात ते स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. तिथे फक्त मेमनांनाच औषध मिळतं, हे लक्षात आल्यावर ते भर सभेत याविरुद्ध बोलले. जमातीला ते रुचलं नाही. एधी बाहेर पडले आणि १९५१ मध्ये मिठादर भागात एक छोटी जागा घेऊन त्यांनी सगळ्यांसाठी दवाखाना काढला. रात्री कुणी आलं तर दार वाजवायला लागू नये म्हणून ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर झोपत. १९५७ मध्ये आशियाई फ्लूची साथ आली तेव्हा त्यांनी तंबू ठोकले आणि लोकांकडे मदत मागितली. त्यातून मिळालेल्या देणगीत एक जुनी गाडी घेतली. ती त्यांची पहिली रुग्णवाहिका आणि चालक स्वतःच. पुढे त्यांच्या रुग्णवाहिकांच्या ताफ्याची नोंद गिनीज बुकात झाली.

ज्यांना कुणी हात लावत नाही असे बेवारस, कुजलेले देह त्यांनी स्वतः उचलले, धुतले, दफन केले. त्यांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून आलेल्या बिल्किस पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. केंद्रांबाहेर पाळणे ठेवून, बाळाला मारू नका, इथे ठेवा, असं या जोडप्याने लोकांना सांगितलं. काही मौलवींनी टीका केली की याने अनैतिकतेला उत्तेजन मिळेल. पाळणे हलले नाहीत. रुग्णवाहिकेत हिंदू आणि ख्रिश्चन का घेता, असंही त्यांना विचारलं गेलं. माझी रुग्णवाहिका तुमच्यापेक्षा जास्त मुसलमान आहे, अशा आशयाचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कथेचा एक धागा थेट मराठवाड्यात येतो. ऐकू-बोलू न शकणारी एक लहान मुलगी समझौता एक्स्प्रेसने सीमेपलीकडे गेली आणि लाहोर स्थानकावर सापडली. ती एधींच्या संस्थेत आली. बिल्किस यांनी आधी तिचं नाव फातिमा ठेवलं. ती हात जोडते, हिंदू दिसते, हे लक्षात आल्यावर त्यांनी तिला गीता हे नाव दिलं आणि तिच्या पूजेसाठी देवांच्या तसबिरींची सोय केली. एक धार्मिक मुसलमान बाई आपल्या संस्थेत परक्या मुलीसाठी देवघर मांडते, याचा विचार मी पुष्कळदा करते. गीता २६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात परतली. भारताच्या पंतप्रधानांनी संस्थेला एक कोटी रुपये देऊ केले. एधींनी आभार मानून ते नाकारले, कारण ते सरकारांकडून पैसा घेत नसत. पुढे परभणीच्या एका संस्थेने गीताच्या घरच्यांचा शोध चालवला आणि तिची आई महाराष्ट्रातच सापडल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या. काठियावाडातून कराचीला गेलेल्या एका बाईने मराठी मातीतली लेक इतकी वर्षं सांभाळली होती.

एधी ८ जुलै २०१६ रोजी गेले. जाताना डोळे देऊन गेले आणि दोघांना दृष्टी मिळाली. बिल्किस एप्रिल २०२२ मध्ये गेल्या.

एक गोष्ट सांगायला हवी. एका माणसाला शहरभर मुडदे गोळा करावे लागतात, तेव्हा ती त्या माणसाची थोरवी असते तसं शासनाचं अपयशही असतं. स्वयंसेवक हा सरकारी दवाखान्याला पर्याय नाही. औषध, खाट, डॉक्टर हे आपण हक्काने मागायचं. पण खाटेजवळ बसणारं माणूस कुठलंही सरकार पुरवू शकत नाही.

कोरोनात आपल्याकडे हे दिसलं. मुंबईत बडा कब्रस्तानशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी दफनाचं काम अंगावर घेतलं आणि ज्या हिंदू कुटुंबांतलं कुणी येऊ शकत नव्हतं, त्यांच्या माणसांना स्मशानातही नेलं. पुण्यात, अकोल्यात मुस्लिम तरुणांनी असंच केलं. त्या वर्षी साथीचं खापर आपल्या समाजावर फोडलं जात होतं, तेव्हाच ही पोरं कुणाच्या तरी बापाला अग्नी देत होती. त्यांच्याबद्दल वाचताना माझी मान ताठ होते आणि लगेच खाली जाते, कारण मी त्या रात्री दार लोटून घेतलं होतं.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. जवळपास कुठे ना कुठे सरकारी दवाखाना असतो. तिथे एकटा आलेला म्हातारा केसपेपरच्या रांगेत उभा असतो. त्याला कुठली खिडकी ते कळत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरता न येणारी विधवा आपल्याच गल्लीत असते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवावं लागतं आणि घरातली एकटी सून थकून जाते. या कामांसाठी संस्था आहेत, त्यांना माणसं हवी आहेत. आधी जाऊन विचारावं, काय लागतं? आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते नंतर. शिकवतील ते शिकावं. आठवड्यातला एक तास सांगितला तर तो पाळावा, कारण येतो म्हणून न येणारा स्वयंसेवक नसलेल्यापेक्षा वाईट. आणि फोटो काढू नये. मदत घेणाऱ्यालाही अब्रू असते.

गेल्या वर्षी मी त्या खालाकडे गेले आणि म्हटलं, "खाला, मला गुस्ल शिकव." तिने का ते विचारलं नाही. त्या रात्रीचा विषयही काढला नाही. पाणी किती कोमट हवं, देहावर चादर कशी धरायची, उजवी बाजू आधी, नखाएवढाही धक्का लागू द्यायचा नाही, हे तिने सांगितलं. आतापर्यंत तिच्याबरोबर तीनदा गेले आहे. पहिल्या वेळी हात थरथरत होते. खालाने माझ्या हातावर तिचा हात ठेवला आणि म्हणाली, "आहिस्ता. हिला आता कसली घाई आहे?"

केळीवाल्याच्या त्या मुलीचं बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरतंय. घरातून अजून जकात निघत नाही. पण परवा शाळा सुटल्यावर ती शेजारच्या आजीला हाताला धरून बँकेत नेताना दिसली. आजीची पेन्शन आली होती.