काळोखांतील झेंप

हरणाची झेंप आपण पाहतों खरी. पण त्याचे पाय केव्हां आंखडले व केव्हां पसरले, असें कोणीं विचारल्यास आपण निरुत्तर होतों. डोळ्यांची ही उणीव रानांत जाऊन ज्यानें भरून काढूं पाहिली, तो गृहस्थ मुळांत शिकारी होता, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

अमेरिकेंतील वकील जॉर्ज शायरस (तिसरे) हे मिशिगनमधील व्हाइटफिश सरोवरावर रात्रीं होडींतून हरणांची शिकार करीत. होडीच्या पुढच्या टोंकास उजेड ठेवावा, आणि तीरावरील जनावर त्याकडे टक लावून उभें राहिलें कीं नेम धरावा, ही तेथील ओजिब्वे लोकांची जुनी युक्ति. इ. स. १८८९ मध्यें शायरस यांनीं कॅमेरा हातीं घेतला. युक्ति तीच ठेवली, पण बार उडे तो मॅग्नेशियमच्या भुकटीचा. लख्ख उजेड पडे, हरीण दचके आणि उडी घेऊन काळोखांत नाहींसें होई. ती उडीही सांपडावी म्हणून त्यांनीं दोन कॅमेऱ्यांची योजना केली : पहिल्या झोतांत स्तब्ध प्राणी, क्षणार्धानें दुसऱ्या झोतांत पळणारा.

जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकांत त्यांचीं ७४ छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. मासिकाचें चित्रांचें पुस्तक होत आहे, अशा रागानें चालकांपैकीं दोघांनीं राजीनामे दिले! विद्वत्तेस चित्राचें वावडें असावें, हें आम्हां अध्यापकांस ओळखीचेंच आहे.

तथापि भुकटीचा झोत गुंजन पक्ष्याच्या पंखांपुढें मंदच. त्यासाठीं मॅसॅच्युसेट्स येथील प्राध्यापक हॅरोल्ड एजर्टन यांचा वायुभरित नळींतील विजेचा झोत यावा लागला. त्याचें आयुष्य सेकंदाच्या एका अतिसूक्ष्म अंशाइतकेंच. म्हणून त्यांत भिरभिरणारा पंखही स्थिर दिसतो.

कोणी म्हणेल, भय तर दोन्हींकडे सारखेंच. मग कॅमेऱ्याचें कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाहीं. झोतानें प्राणी दचकतो, व त्याबद्दल त्याची अनुमति कोणीं घेतलेली नसते. पण बंदुकीच्या बारानंतर हरणाचें जें उरतें तें शिकाऱ्याचें. या बारानंतर हरीण आपल्या रानांत परत जातें. शायरस यांनींच १९०४ मध्यें अमेरिकन प्रतिनिधिगृहांत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचें विधेयक मांडलें. ज्याला नीट पाहिलें त्याला राखावेंसें वाटतें, एवढें तरी यावरून आम्ही शिकतों.