व्हिपल, वानलेस आणि स्वादुपिंडातली गाठ

मिरजेचं मिशन हॉस्पिटल आणि स्वादुपिंडाची सगळ्यात अवघड शस्त्रक्रिया, दोन्हींचे धागे न्यूयॉर्कच्या एकाच मिशन बोर्डापाशी जाऊन पोचतात. हे ध्यानात आल्यापासून मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलो आहे.

सांगली-साताऱ्याकडे कुणाच्या स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, की घरात एक शब्द येतो: "व्हिपल करावं लागेल म्हणतात." हा व्हिपल म्हणजे या शस्त्रक्रियेला ज्यांचं नाव मिळालं ते न्यूयॉर्कचे सर्जन डॉ. अ‍ॅलन व्हिपल. जन्म १८८१ सालचा, आणि तोही अमेरिकेतला नव्हे, इराणातल्या उर्मिया गावचा, मिशनरी आईवडिलांच्या घरचा.

उर्मियाचं मिशन मूळचं बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचं. इकडे कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर हेही मूळ त्याच बोर्डाचे, पण बोर्डाशी बिनसल्यावर स्वतःच्या हिमतीवर काम चालवणारे. १८६९-७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाची दोन भांडलेली घरं एकत्र आली आणि परदेशातल्या मिशनांची फेरवाटणी झाली. त्या धांदलीत उर्मिया न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं आणि कोल्हापूरही त्याच सुमारास त्याच दप्तरात दाखल झालं. सातारा मात्र बोस्टनवाल्यांकडेच राहिलं. म्हणजे कृष्णाकाठच्या दोन शेजारी मुलखांचे मिशनरी दोन वेगवेगळ्या शहरांना पत्रं लिहीत होते, आणि कोल्हापूरच्या बाजूच्या सांगली-मिरजेचं पत्र जिथे पोचायचं तिथेच उर्मियाचंही पोचायचं.

न्यूयॉर्कच्या याच बोर्डाने १८८९ साली विल्यम वानलेस या तरुण डॉक्टरला इकडे धाडलं. त्यांनी आधी सांगलीत दवाखाना मांडला, मग मिरजेला मुक्काम हलवला. १८९४ साली तिथे हॉस्पिटल उभं राहिलं आणि पाठोपाठ वैद्यकीय शाळाही निघाली. तिकडे उर्मियात डॉ. जोसेफ कोक्रन १८८०च्या सुमारास हेच करत होते: एक हॉस्पिटल आणि त्यालाच जोडून स्थानिक मुलांना डॉक्टरकी शिकवणं. साचा एकच. सर्जन एकटा, हाताशी कुणी नाही, म्हणून शिष्य त्यानेच घडवायचे आणि येईल ती केस अंगावर घ्यायची.

आता माझा तर्क. व्हिपलना एवढी अवघड शस्त्रक्रिया अंगावर घेण्याची धमक आली ती कोक्रनच्या अंगणात वाढल्यामुळे. यावर जाणकार हसतात. म्हणतात, तंत्र तर युरोपातून आलं. इटलीत कोडिव्हिला यांनी १८९८ साली स्वादुपिंडाचं डोकं काढलं होतं आणि बर्लिनच्या काउश यांनी १९०९ साली ते दोन टप्प्यांत करून रुग्ण वाचवून दाखवला होता. तंत्राचं श्रेय मी त्यांनाच देतो. पण काउशनंतर पाव शतक फार थोडे जण त्या वाटेला गेले. ती वाट पुन्हा मळवली व्हिपलनी. १९३५ साली त्यांनी ते दोन टप्प्यांतच केलं, कारण कावीळ झालेल्या माणसाचं रक्त थांबत नसे. मग 'के' जीवनसत्त्व हाती आलं आणि १९४० साली एका बैठकीत काम उरकलं. उभ्या आयुष्यात त्यांनी ही शस्त्रक्रिया फक्त ३७ वेळा केली. निवृत्तीनंतर मध्यपूर्वेच्या वैद्यकाचा इतिहास लिहायला बसले ते नेस्टोरियन ख्रिस्ती आणि मुस्लिम हकिमांवर, म्हणजे पुन्हा उर्मियात नांदणाऱ्याच समाजांवर. हा माणूस उर्मिया विसरला नव्हता, एवढं तरी जाणकारांनी मान्य करावं.

पण पाण्याच्या गाठीच्या, म्हणजे सिस्टिक ट्यूमरच्या कुळकथेत व्हिपल हे मानकरी नव्हेतच. मानकरी त्यांच्या शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर बसल्या होत्या. डॉ. व्हर्जिनिया नीलँड फ्रांट्झ. न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात (पंथ पाठ सोडत नाही!) सर्जरीच्या इंटर्न झालेल्या त्या पहिल्या बाई. १९३५ साली त्यांनी व्हिपलसोबत इन्सुलिन ओकणाऱ्या गाठींवर लेख लिहिला. जखमेवर ठेवताच रक्त थांबवणारी, आपोआप विरघळणारी सेल्युलोजची जाळी आज कऱ्हाड-मिरजेच्या ऑपरेशन थिएटरांत सर्रास वापरतात. तिच्यावरचं सुरुवातीचं महत्त्वाचं कामही यांचंच.

१९५९ साली त्यांनी स्वादुपिंडाच्या गाठींचा ग्रंथ काढला आणि त्यात एक वेगळीच गाठ नोंदवली. बहुतेक तरुण मुलींत सापडणारी. कापली की आत कुठे घट्ट मांस, कुठे रक्ताने भरलेली पोकळी, ओल्या स्पंजासारखी. काचेवर पाहिलं तर रक्तवाहिनीला लगटून बसलेल्या पेशी जागच्या जागी, आणि तिच्यापासून दुरावलेल्या झडून गेलेल्या. त्यामुळे पोकळीत फांद्या उभ्या राहिल्याचा भास होतो. यालाच आज सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर म्हणतात. जुने डॉक्टर अजून 'फ्रांट्झ ट्यूमर' म्हणतात, आणि मलाही तेच आवडतं.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. १९७८ साली कॉम्पाग्नो आणि ओर्टेल यांनी पातळ पाण्याच्या गाठी चिकट द्रवाच्या गाठींपासून वेगळ्या काढल्या. १९८२ साली जपानच्या ओहाशींनी नळीतच चिकट द्रव तयार करणारी गाठ दाखवली. २००६ पासून या चिकट द्रवाच्या गाठींचं काय करायचं, याचे आंतरराष्ट्रीय नियम आले.

माझ्या मते जीव वाचवले ते या वर्गवारीने. सुरी नंतरची. पूर्वी पाण्याची गाठ दिसली की ती पोटाच्या कातडीला शिवून बाहेर वाट करून देत. ट्यूमर असेल तर तो आतच राही. पॅन्क्रिएटायटिसनंतर, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेनंतर, साठलेलं पाणी हा ट्यूमरच नव्हे. पातळ पाण्याची गाठ जवळपास नेहमीच निरुपद्रवी. त्रास नसेल तर लक्ष ठेवायचं, पुरे. चिकट द्रवाची गाठ बहुधा मध्यमवयीन बाईच्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असते. ती शेपूट काढतात, बऱ्याचदा पाणथरीसकट, आणि तिथे व्हिपलचा संबंधच येत नाही. कर्करोग उतरण्याआधी ती निघाली तर बाई बरी झालीच म्हणायचं. ओहाशींच्या नळीतल्या गाठीत मात्र मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त फुगली, आत रक्तपुरवठा असलेला मांसल उंचवटा दिसला, किंवा कावीळ झाली, तर थांबायचं नाही.

स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात पाच वर्षांनी शंभरातले दहा-बारा जण उरतात. फ्रांट्झबाईंची गाठ पूर्ण निघाली तर पंच्याण्णवाहून जास्त. म्हणून घरच्या लेकीसुनेच्या रिपोर्टवर 'पॅन्क्रियास ट्यूमर' एवढंच वाचून रडारड करू नका. गाठ कुठल्या जातीची, ते आधी विचारा. काढली असेल तर कडा स्वच्छ आहेत का, ते विचारा. नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं असेल, तर जुन्या स्कॅनच्या सीडी जपून ठेवा आणि ठरलेली तपासणी ऊसतोडीच्या हंगामातही चुकवू नका.