पाणथळ कुरणाचा रोग

१८७९ साली इंग्लंडात पावसाने उसंतच दिली नाही. कुरणं चिबडली आणि पाठोपाठच्या हिवाळ्यात सुमारे ३० लाख मेंढ्या यकृताच्या रोगाने दगावल्या. रोग जुनाच होता. फ्रान्समध्ये जाँ द ब्री याने १३७९ मध्ये मेंढपाळीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने ओलसर जागी उगवणाऱ्या एका वनस्पतीला दोष दिला आहे. अठराव्या शतकातला नामांकित पैदासकार रॉबर्ट बेकवेल याच्याबद्दल तर असं सांगत, की खाटकाला विकायच्या मेंढ्या तो आधी मुद्दाम पाणी सोडलेल्या कुरणात चारी. आपल्या वाणाची पैदास दुसऱ्या कुणी करू नये म्हणून! खोट पाणथळ जागेत आहे, हे शेकडो वर्षं ठाऊक होतं. नेमकी कशात, तेवढंच कळत नव्हतं.

ते शोधण्याचं काम रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीमार्फत ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुणाकडे आलं. यकृतातला कृमी मेंढीपर्यंत पोचवण्याचा संशय गोगलगायीवर होता, पण हवी ती इवलीशी, सेंटिमीटरभरही नसलेली गोगलगाय पुरेशी मिळेना. जुलै १८८२ मध्ये नदीला पूर आला आणि ती शिवारात मुबलक सापडू लागली; थॉमसला उत्तर मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्टही त्याच उत्तरापाशी पोचले. मेंढीच्या लेंडीतली कृमीची अंडी पाण्यात उबतात, त्यातली अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढून बाहेर पडते आणि गवताला चिकटते. ते गवत मेंढी खाते.

पशुवैद्यक म्हणून मी मेलेल्या मेंढ्यांची यकृतं चिरली आहेत. पित्तनलिका जाड, पांढरट झालेली असते. अंगठ्याने दाबली की चपटे, पानासारखे कृमी बाहेर सरकतात. हनुवटीखाली पाणी उतरलेलं दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

आपल्याकडचा कृमी त्याच कुळातला, पण मोठा. त्याची गोगलगाय तळ्यात, कालव्यात राहते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर हिरवं गवत उरतं, आणि भुकेली खांड तिकडेच वळते. औषध पाजावंच, पण तळ्याचा काठ तसाच राहिला तर कृमी पुन्हा येणार. म्हणून मेंढपाळांना माझं सांगणं एकच: काठाला कुंपण घाला, पाणी हौदात काढून पाजा आणि लेंडी तपासून घ्या. थॉमसच्या शोधाचा खरा उपयोग इथेच आहे.