अडलेले काडतूस आणि इतिहासाचा पुरावा : अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या संदर्भात (१९०९ ते १९४८)

प्रस्तावना :

सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातील, विदर्भाच्या सीमेलगतचा तालुका होय. निजामी राजवटीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. बंदूक साफ करणे, काडतुसे कोरडी राखणे, बिघडलेला भाग बदलणे ही कामे छावणीत रोजची असत; छावणीबाहेरच्या रयतेला मात्र हे ज्ञान दुर्लभ होते. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने ते अधिकच दुर्लभ केले. शस्त्र बाळगणारा आणि शस्त्र जाणणारा यांच्यातील हे अंतर पुढील इतिहासात महत्त्वाचे ठरले.

स्वातंत्र्य चळवळ शिकविताना वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो : दिल्लीच्या विधिमंडळात भगतसिंगांनी दोनच गोळ्या का झाडल्या? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. चरित्रग्रंथ संयमाकडे, योगायोगाकडे किंवा नियतीकडे बोट दाखवितात. हाती असलेल्या यंत्राचा विचार मात्र क्वचितच केला जातो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतूस भरले जाण्याची क्रिया कशी चालते, ती का अडते आणि त्या अडथळ्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून कसे पाहावे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. यंत्राची रचना आणि भरणातील दोष :

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्राच्या घरांत काडतुसे बसविलेली असतात. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढताच पुढचे घर समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तसे नाही. त्यात मुठीतील मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात व खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. गोळी सुटताच तिच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. म्हणजे पुढची गोळी मागच्या गोळीच्या जोरावर भरली जाते. वेग वाढला खरा. पण एका काडतुसाचा दोष पुढच्या सर्व काडतुसांना अडवू लागला.

या साखळीतील दोष मुख्यतः तीन ठिकाणी असतो. पहिले ठिकाण मॅगझिन. स्प्रिंग थकली तर स्लाइड परत येईपर्यंत काडतूस पुरेसे वर येत नाही आणि चेंबर रिकामे राहते. मॅगझिनच्या तोंडाच्या कडा वाकल्या तर काडतुसाचे टोक खाली झुकते व चेंबरच्या तोंडाशी अडते. दुसरे ठिकाण काडतूस. दारू ओलसर वा जुनी झाली की धक्का दुबळा पडतो, स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी मध्येच चिमटली जाते. तिसरे ठिकाण खुद्द पिस्तूल : चेंबरमधील काजळी, सुकलेले तेल, पुंगळी ओढणारी झिजलेली आकडी. याशिवाय मूठ सैल धरली तरी मनगट मागे जाते, धक्क्याचा काही जोर तेथेच संपतो व स्लाइडची फेरी अपुरी राहते. म्हणजे दोष यंत्राचा दिसतो, पण कारण हातात असते.

बेल्जियममधील एर्स्टाल येथे तयार झालेल्या ब्राउनिंगच्या १९०० च्या नमुन्यासाठी ७.६५ मिलिमीटरचे काडतूस वापरले जाई. अमेरिकेत तेच ‘.३२ ऑटो’ म्हणून ओळखले गेले. त्याच्या बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही. हा दोष गोळीबाराच्या क्षणी प्रकट होतो. त्याचे बीज मात्र आदल्या रात्री घाईने भरलेल्या मॅगझिनमध्ये असते.

जाणकार आर्मरर दोष शोधताना प्रथम शस्त्र रिकामे करतो आणि नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. मॅगझिन बदलल्यावर अडथळा गेला तर दोष मॅगझिनचा. तो राहिला तर काडतुसे बदलावयाची. तरीही राहिला तर पिस्तूल उघडावयाचे. या पद्धतीसाठी तीन गोष्टी लागतात : दुसरे मॅगझिन, खर्च करता येतील इतकी काडतुसे आणि आवाज झाला तरी चालेल अशी जागा. भूमिगत कार्यकर्त्याजवळ नेमक्या याच तीन गोष्टी नसत.

२. नाशिक १९०९ आणि कलकत्ता १९१४ :

१९०९ च्या मार्चमध्ये लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले व त्यांची काडतुसे मुंबईस आली. विनायक दामोदर सावरकरांनी ती इंडिया हाउसमध्ये आचारी असलेल्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठविली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेला जिल्हाधिकारी जॅक्सन हा अनंत लक्ष्मण कान्हेरे याच्या गोळ्यांनी ठार झाला. कान्हेरे औरंगाबादेस, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, शिकत होता. स्वतःवर गोळी झाडण्यापूर्वीच तो पकडला गेला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आली.

शस्त्राच्या दृष्टीने या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की, पिस्तुले आणि काडतुसे एकाच पेटीतून, एकाच वेळी आली होती. कारखान्यातील यंत्र व त्यासाठीच बनविलेले काडतूस यांची जोडी येथे फुटलेली नव्हती. कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे पळविली, त्यातही ही जोडी दिसते. हिशेब केला तर एका पिस्तुलामागे ९२० काडतुसे पडतात. बंगालमधील पुढील अनेक घटनांत ही पिस्तुले सरकारला का सलत राहिली, याचे उत्तर केवळ पन्नास या आकड्यात नसून या दुसऱ्या आकड्यात आहे. यावरून असे दिसून येते की, गुप्त संघटनेचे बळ मोजताना पिस्तुलांची संख्या पुरेशी नाही. काडतुसांचा साठाही तितक्याच काळजीने पाहिला पाहिजे.

३. लाहोर, दिल्ली आणि जळगाव (१९२८ ते १९३०) :

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्सवर पहिली गोळी पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांनी झाडली. भगतसिंगांच्या हाती .३२ बोअरचे कोल्ट अर्धस्वयंचलित पिस्तूल होते. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले आणि भगतसिंगांनी दोन गोळ्या झाडल्या. त्यानंतर पिस्तूल अडल्याचा उल्लेख समकालीन वृत्तान्तांत आढळतो. दुसरीकडे, कोणाचाही जीव घेण्याचा हेतू नव्हता ही भूमिका ६ जून १९२९ च्या निवेदनात स्पष्टपणे मांडलेली आहे.

मग पिस्तूल थांबले की थांबविले? हा प्रश्न शब्दच्छलाचा नाही. त्यावर एका माणसाच्या हेतूचा निवाडा अवलंबून आहे. दोन गोळ्या सुटल्या, याचा अर्थ किमान एकदा नवे काडतूस विनाअडथळा चेंबरमध्ये गेले. तेव्हा दोष असलाच तर तो दुसऱ्या गोळीनंतरचा. तो मान्य केला तरी त्यावरून तिसरी गोळी झाडण्याचा प्रयत्न झाला असे सिद्ध होत नाही. कारण स्लाइड मध्येच अडणे ही क्रिया दुसऱ्या गोळीच्या धक्क्यातच घडते, तिला तिसऱ्यांदा चाप ओढावा लागत नाही. म्हणजे यंत्रातील अडथळा आणि मनातील संयम ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात. अडलेल्या पिस्तुलाला मारण्याच्या इराद्याचा पुरावा मानणे जितके चुकीचे, तितकेच अडथळ्याचा उल्लेख वीराला कमीपणा आणणारा समजून गाळणेही चुकीचे आहे.

हेच पिस्तूल पुढे साँडर्स वधाच्या खटल्यातही पुरावा ठरले. १६८८९६ हा क्रमांक असलेले ते कोल्ट पिस्तूल इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहात २०१६ मध्ये ओळखले गेले व नंतर पंजाबातील हुसैनीवाला येथे हलविण्यात आले. अनेक दशके ते इतर शस्त्रांत अनोळखी पडून होते. शस्त्र जपले, पण त्याची कथा जपली नाही, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवरील घटना जळगावची. सप्टेंबर १९२९ मध्ये भुसावळ स्थानकावर भगवानदास माहौर व सदाशिवराव मलकापूरकर पकडले गेले. जळगाव येथे खटला चालू असता २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौर यांनी जयगोपाल व फणींद्रनाथ घोष या माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. कैदेत चोरून पोचलेले शस्त्र तपासण्याची, मॅगझिन रिकामे करून पुन्हा भरण्याची वा एखादी गोळी झाडून पाहण्याची संधी कैद्याला कोठून मिळणार? अशा प्रसंगी नेमबाजीचे यशापयश हे धैर्याचे माप मानता येत नाही.

४. दिल्ली १९४८ : उरलेल्या काडतुसांची साक्ष :

महात्मा गांधींची हत्या हा राष्ट्रावरील आघात होता. तिला वरील घटनांच्या पंक्तीत बसविता येणार नाही. तथापि शस्त्रविषयक पुराव्याच्या दृष्टीने त्या खटल्याची कागदपत्रे विशेष तपशीलवार आहेत. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीनुसार २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या हिंदू महासभा भवनामागील झाडीत दोन रिव्हॉल्व्हर तपासण्यात आले. एकाचे चक्र नीट चालेना, तर दुसऱ्यातून सुटलेली गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोचली नाही. मग तेल व चाकू घेऊन दुरुस्तीची खटपट झाली. त्या सायंकाळी बाँबचा स्फोट झाला, पण गांधीजी बचावले.

३० जानेवारीस वापरलेले शस्त्र वेगळे होते : ६०६८२४ क्रमांकाचे इटालियन बेरेटा पिस्तूल, ग्वाल्हेरहून मिळविलेले. तीन गोळ्या झाडल्या गेल्या व चार जिवंत काडतुसे उरली. तीन गोळ्या सुटल्या, म्हणजे किमान दोनदा भरण निर्वेध झाले. दोष नसलेले यंत्र मारेकऱ्याच्या हाती पडले होते, एवढेच यावरून कळते. येथे एक जबाबदारीचा मुद्दा उरतो. २० जानेवारीस शस्त्रे दुबळी ठरली, त्यामुळे शासनाला दहा दिवसांची सवड मिळाली होती. मदनलाल पाहवा त्याच सायंकाळी पकडला गेला होता. यंत्राच्या बिघाडाने दिलेली सवड माणसांनी वापरली नाही. अशा ठिकाणी ‘नियती’ हा शब्द वापरणे म्हणजे चौकशी टाळणे होय.

५. अभ्यासपद्धतीविषयी :

गोळीबाराच्या घटनेचा अभ्यास करताना संशोधकाने तीन गोष्टींची नोंद शोधावी : साक्षीदारांनी ऐकलेले आवाज किती, जमिनीवर सापडलेल्या पुंगळ्या किती, आणि शस्त्रात उरलेली जिवंत काडतुसे किती व ती मॅगझिनमध्ये की चेंबरमध्ये. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या पोटात ठेवतो. अर्धस्वयंचलित पिस्तूल त्या घटनास्थळी टाकून जाते. त्यामुळे पंचनाम्यातील एखादी कोरडी ओळ अनेकदा आठवणींच्या पानांपेक्षा अधिक बोलकी असते. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर आर्ममररप्रमाणेच एका वेळी एकच गृहीतक बदलून पाहावे. काडतुसावरील मुद्राही दुर्लक्षू नये. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून तेथील काडतुसांवर ‘केएफ’ ही अक्षरे उमटविली जातात. अशा दोन अक्षरांवरून काडतूस कोठून निघाले हे कळते.

निष्कर्ष :

१. अर्धस्वयंचलित पिस्तुलाने गुप्त संघटनांना वेग दिला. परंतु त्याबरोबरच त्यांना काडतूस, मॅगझिन व निगा यांवर अवलंबून ठेवले.

२. पिस्तूल पेटीच्या चोरकप्प्यातून आणता येते. सराव, सुटे भाग आणि दोष ओळखणारा हात तसा आणता येत नाही. शस्त्र कायद्याचा खरा परिणाम येथे जाणवतो.

३. अडलेले काडतूस हेतूचा पुरावा ठरत नाही आणि सुटलेली गोळी धैर्याचे माप ठरत नाही. दोहोंचा विचार यंत्राच्या मर्यादा जाणूनच केला पाहिजे.

सेनगावच्या वर्गातील विद्यार्थ्याला ‘दोनच गोळ्या का?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. परंतु तो प्रश्न कोणत्या कागदाला विचारावयाचा, हे त्याला निश्चित सांगता येईल. इतिहासाच्या अध्यापकाचे काम तेथूनच सुरू होते.