सावकारी पाशातला परका माणूस

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. तिथून जाताना मला दर वेळी माझे आजोबा आठवतात. सिनेमाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण त्यांची गोष्ट याच शहराने फार आधी पडद्यावर मांडली होती.

बाबूराव पेंटर सुतार-लोहारकाम करणाऱ्या घरातले. ते चित्रकार झाले, कॅमेरा स्वतः बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सिंहगड’ (१९२३) असे पौराणिक-ऐतिहासिक चित्रपट काढल्यावर १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला. चित्रपट मूक होता. तरी झोपडीपाशी रडणारे कुत्रे पाहणाऱ्यांच्या मनात राहिले. पण लोकांना देवादिकांच्या कथा हव्या होत्या. चित्रपट फारसा चालला नाही.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले होते. पन्नास वर्षांनी तोच कागद पडद्यावर आला. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ यायला अजून २८ वर्षे होती. हंगेरीत इश्तवान सोच यांनी डोंगरातल्या लाकूडतोड्याचे हाल दाखवले, तेही १९४२ साली.

आजोबांनीही असल्याच एका कागदावर अंगठा उठवला. दीड एकर रान गेले आणि ते कोल्हापुरात गुळाचे रवे वाहू लागले. शहरात लोक त्यांना ‘खेडवळ’ म्हणत, गावात ‘कोल्हापूरकर’. उरुसाला गावी गेले की जुन्या बांधावर थोडा वेळ उभे राहत. आत पाऊल टाकत नसत.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पाहिला आणि वाटले, आजोबांपाशी गमवायला बांध तरी होता. जब्याचे कैकाडी कुटुंब गावातच राहते. डुकरे धरायला गावाला ते लागते, पण गाव त्यांना आपले म्हणत नाही. बाबूरावांचा शेतकरी शहरात जाऊन परका झाला. जब्या स्वतःच्या दारातच परका आहे.

‘सावकारी पाश’ची ती मूक प्रत आज उरलेली नाही. आजोबांचा तो कागदही आम्हाला कधी मिळाला नाही. दोन्ही गोष्टी आता तोंडानेच जपायच्या. म्हणून आज तुम्हाला सांगितल्या.