राजाबाईंचा मनोरा आणि त्यावरील माणसे

भगिनींनो, मुंबईच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ सर्वांना ठाऊक आहे. पण त्या मनोऱ्यावर दगडी माणसे उभी आहेत, हे पुष्कळजणींच्या ध्यानात येत नाही. गेल्या वर्षी मुलीबरोबर गेले असता मी ती मान वर करून पाहिली. त्याविषयी थोडे लिहिते.

हा मनोरा मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचाच भाग आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले व मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले. त्यांना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैनधर्मीयांचा नेम. टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, असे सांगतात. काम १८६९ साली सुरू झाले व १८७८ साली पुरे झाले. उंची २८० फूट.

नकाशे विलायतेच्या गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. मूर्तींचे नमुने मात्र मुकुंद रामचंद्र या इकडच्याच असिस्टंट इंजिनियरने केले. विलायती देवळांवर अशा जागी साधुसंत उभे असतात. येथे पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींची २४ माणसे आहेत. आपल्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात तुळया खांद्यावर पेलणारे दगडी पुरुष आहेत, त्यांची मला आठवण झाली. विद्येच्या घरावर राजे न बसवता आपली माणसे बसवली, हे मला फार आवडले.

तरी एक गोष्ट मनाला लागते. मनोऱ्याला नाव बाईचे. पण तो पुरा झाला तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षांची दारे बायकांना बंद होती. ती १८८३ साली उघडली. त्यानंतर तेथील पहिली स्त्री पदवीधर झाली ती कॉर्नेलिया सोराबजी. त्यांचा जन्म १८६६ सालचा, आपल्या नाशिकचा! पुढे कायदा शिकून त्यांनी पडद्यातल्या बायकांची बाजू मांडली.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. मुलगी ग्रंथालयात वाचत होती, तेव्हा मी बाहेर उभी राहून मूर्ती पाहत होते. मला मुळीच वाईट वाटले नाही. मात्र वाचायची इच्छा जागी झाली. २०१८ साली मुंबईच्या त्या भागातील जुन्या इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे. तेव्हा भगिनींनो, हळदीकुंकवाला जशा एकमेकींना बोलावता, तशाच वाचनालयातही एकमेकींना घेऊन चला. निदान एक पुस्तक तरी घरी आणा.