सी ड्राइव्हच का?



घरच्या संगणकावर विंडोज डी किंवा ई वर बसली, की वाटतं अक्षर बदलून सी करून टाकावं. जरा थांबा, आधी थोडा इतिहास.

१९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम लिहिली. ड्राइव्हना ए, बी म्हणायची तिची पद्धत डॉसने उचलली. १९८१ च्या आयबीएम पीसीत ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीची होती. फ्लॉपी एकच असली तरी डॉस ती दोन्ही नावांनी चालवी. १९८३ च्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला सी. पुढे फ्लॉपी गेली, सी राहिलं.

डॉस दर वेळी सुरू होताना अक्षरं नव्याने वाटे. विंडोज २००० पासून ही वाटणी रजिस्ट्रीत जपून ठेवली जाते. तिथे अक्षर बदलणं दोन मिनिटांचं काम! पण विंडोजने आणि इतर प्रोग्रॅम्सनी आपले पत्ते त्याच अक्षराने शेकडो ठिकाणी लिहून ठेवलेले असतात, ते तसेच राहतात. घर बदललं, पण बँकेला नि विमावाल्यांना कळवलंच नाही, तसा प्रकार. मग लॉगिन केलं की मशीन लगेच बाहेर काढतं. हा बदल मायक्रोसॉफ्टने सांगितला तोही फक्त चुकून बदललेलं अक्षर पूर्ववत करण्यापुरता.

तेव्हा डी असेल तर डीच राहू द्या. सीच हवं असेल, तर फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा आणि विंडोज नव्याने टाका.

चूभूद्याघ्या.